भर उन्हात एफ/१.८ : पहिली प्राइम लेन्स घेतलेल्यांसाठी

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर वर्षभर काढलं की माणूस पन्नास एमएम एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेतो. मांडवात, ओसरीत, संध्याकाळच्या पारावर ती जीव लावते. मग एके दिवशी सकाळी अकराला वावरात जायचं, पऱ्हाटीतल्या मावशीचा फोटो काढायचा, आणि स्क्रीनवर काय? चेहरा पांढराफटक, कापसाची बोंडं म्हणजे नुसते चुन्याचे ठिपके. लेन्सच खराब निघाली अशी शंका येते. लेन्स ठीक असते. तिचं तोंड एवढं उघडलेलं असतं की विदर्भातलं ऊन कॅमेऱ्याला आवरत नाही.

उजेड कमी पडला तर काय करायचं हे सगळे शिकवतात. इथे उलटं आहे : जास्तीचा उजेड कुठे तरी टाकून द्यायचा आहे. तो टाकण्याच्या चार-पाच जागा आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण सरळ फिल्टर विकत घ्यायला जातात. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आधी उन्हाचं गणित

फिल्मच्या काळातला एक ठोकताळा आजही जसाच्या तसा चालतो. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, वस्तूवर समोरून प्रकाश असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं (हे लेन्सचं तोंड; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं उघडतं) आणि शटर म्हणजे आयएसओचा, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा, उलटा आकडा. आयएसओ १०० असेल तर शटर १/१००. इथून अ‍ॅपर्चर एकेक पायरी उघडत गेलो की दर पायरीला उजेड दुप्पट होतो, म्हणून शटरही दुप्पट वेगवान करावं लागतं. आयएसओ १०० वर ही शिडी अशी :

एफ/११ ला १/२००
एफ/८ ला १/४००
एफ/५.६ ला १/८००
एफ/४ ला १/१६००
एफ/२.८ ला १/३२००
एफ/२ ला १/६४००
एफ/१.८ ला १/८०००
एफ/१.४ ला १/१२८००

आता आपल्या कॅमेऱ्याचं सगळ्यात वेगवान शटर बघा. कॅनन १५००डी, २००डी, निकॉन डी३५००, डी५६०० या गावोगावी दिसणाऱ्या कॅमेऱ्यांचं शटर १/४००० ला थांबतं. म्हणजे एफ/१.८ वर पूर्ण एक स्टॉप (एक पायरी, दुप्पट) उजेड जास्त, एफ/१.४ वर पावणेदोन. फोटो पांढरा पडायचं कारण एवढंच. ९०डी किंवा डी७५०० सारखा १/८००० जाणारा कॅमेरा असेल तर एफ/१.८ काठावर बसतं.

हा ठोकताळा धरून चालायचा, त्यावर आंधळा भरवसा ठेवायचा नाही. मे महिन्यात आभाळ धुळीने पांढुरकं असतं तेव्हा उजेड थोडा कमी भरतो. उलट पांढरं धोतर, पांढरा रुमाल, फुटलेला कापूस समोर असेल तर त्यातला पोत जपायला अर्धा ते एक स्टॉप आणखी कमी करावा लागतो.

घरून निघण्याआधी कॅमेऱ्यात काय लावायचं

१. आयएसओ १००, आणि ऑटो आयएसओ बंद. सर्वांत जास्त फोटो इथेच वाया जातात. आदल्या रात्री लग्नात आयएसओ १६०० वर काम केलेलं असतं आणि सकाळी कॅमेरा तसाच वावरात येतो. १०० ते १६०० म्हणजे चार स्टॉप. एवढ्याला कोणतंच शटर पुरणार नाही. काही कॅमेऱ्यांत आयएसओ ५० किंवा ‘लो’ नावाची सोय असते. ती बघून हुरळून जाऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १०० चाच फोटो जास्त उजेडात घेऊन नंतर काळा केलेला असतो. कापूस १०० वर जळत (पोत जाऊन नुसता पांढरा होत) असेल तर ५० वरही जळतो.

२. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. कॅननवर एव्ही, निकॉन-सोनीवर ए. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा. शटर संपलं की कॅमेरा सांगतो, फक्त त्याची भाषा कळली पाहिजे : कॅननमध्ये ४००० हा आकडा लुकलुकतो, निकॉनमध्ये आकड्याच्या जागी ‘हाय’ येतं. नवखे याकडे बघतच नाहीत. फोटो मात्र निघतो, कारण कॅमेरा क्लिक करायचा थांबत नाही.

३. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद. अर्धा-पाऊण स्टॉप जास्त झालेली त्वचा रॉमधून परत आणता येते, जेपेगमधून नाही. पूर्ण जळालेलं पांढरं कशातूनच येत नाही.

४. हायलाइट अलर्ट चालू. फोटो परत बघताना जळालेला भाग काळा-पांढरा लुकलुकतो. उन्हात स्क्रीनची चमक फसवते, हे लुकलुकणं फसवत नाही.

५. फोकस पॉइंट एकच, स्वतः हलवायचा. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू.

मिररलेसवाल्यांसाठी आणखी एक सेटिंग. मेनूत ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ किंवा ‘ई-फ्रंट कर्टन’ असं काहीसं नाव असतं आणि ते बहुधा आधीपासून चालूच असतं. एफ/१.८ आणि १/२००० च्या पुढचं शटर एकत्र आलं की याच्यामुळे मागचे गोल गोल ठिपके अर्धे कापल्यासारखे दिसतात, कोणी चाकूने काप घेतल्यागत. लोक लेन्सला शिव्या देतात. ते बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर लावा, गोल परत येतील. काही कॅमेऱ्यांत पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० किंवा १/३२००० पर्यंत जातं. मग तर उन्हाचा प्रश्नच मिटला, पण फक्त बसलेल्या-उभ्या माणसासाठी. तो सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो. तोवर वस्तू सरकली तर वाकडी येते. शंकरपटात धावत्या जोडीचा फोटो असा काढलात तर चाकाचे आरे केळीच्या पानासारखे वाकतात.

शटर संपलं की काय करायचं

पहिला प्रश्न : एफ/१.८ लागतंच का? एफ/२.५ ला आलात तर १/४००० चा कॅमेरा भर उन्हातही सांभाळून घेतो, आणि पाठ, म्हणजे माणसामागचं दृश्य, धूसर होण्यात जो फरक पडतो तो घरच्यांना दाखवला तर ओळखूही येणार नाही. बऱ्याच फोटोंचं काम इथेच भागतं.

दुसरी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. लांबची पाठ किती विरघळेल हे नुसत्या एफ आकड्यावर ठरत नाही. लेन्सची लांबी भागिले एफ आकडा, म्हणजे लेन्सचं प्रत्यक्ष भोक किती मिलिमीटरचं, त्यावर ठरतं. पन्नास एमएम एफ/१.८ चं भोक सुमारे २८ मिमी. किटसोबत स्वस्तात मिळणारा ५५-२५० झूम २५० ला एफ/५.६ वर लावला तर भोक सुमारे ४५ मिमी! म्हणजे माणूस चौकटीत तेवढाच ठेवून, पाचपट मागे सरकून काढला, तर दूरचा धुरा, दूरची बाभूळ या ‘हलक्या’ लेन्सवर जास्त मऊ येते. आणि एफ/५.६ ला शटर लागतं फक्त १/८००. प्रश्नच संपला. अट एकच : पाठ खरंच लांब हवी. पन्नासने पाच फुटांवरून घेतो तसा अर्धा माणूस असेल, तर पाठ त्याच्यामागे पंचवीस-तीस फुटांपेक्षा जास्त लांब असली पाहिजे. माणूस गोठ्याच्या कुडाला टेकून उभा असेल तर पन्नासच बरी. म्हणून एफ/१.८ साठी झगडण्याआधी पाठ मोकळी कुठे मिळते ते बघा. धुऱ्यावर उभं करून मागे अख्खं तुरीचं वावर सोडा, कोणत्याही लेन्सवर पाठ निघते.

एवढं करूनही एफ/१.८ हवंच असेल तर माणसाला उन्हातून हलवा.

सावली : कोणती चांगली, कोणती नाही

झाडाच्या मोकळ्या सावलीत उन्हापेक्षा तीन-चार स्टॉप उजेड कमी असतो. आयएसओ १०० वर एफ/१.८ ठेवून शटर १/५०० ते १/१००० च्या आसपास येतं. कोणताही कॅमेरा हसत पेलतो. डोळ्यांवरच्या काळ्या सावल्याही जातात, ज्या भर दुपारी वरून येणाऱ्या उन्हाने पडतात.

पण सावली-सावलीत फरक आहे. निंबाखाली उन्हाळ्यात कवडसे पडतात. दिसायला छान, चेहऱ्यावर मात्र नाक पांढरं, गाल काळा, कपाळावर रुपयाएवढा जळका डाग. हे काहीच करून दुरुस्त होत नाही. आंबा, वड, पिंपळ दाट असतात, तिथे उभं करा. माणसाला सावलीच्या मधोमध, बुंध्याजवळ नेऊ नका, तिथे उजेड मेलेला असतो. सावलीच्या काठावर, कडेपासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेरच्या उन्हाकडे. मग उघडं आभाळ आणि समोरची जमीन चेहऱ्यावर उजेड टाकतात आणि डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो.

समोरची जमीन कोणती हेही बघा. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या काळ्या मातीच्या वावरात खालून उजेड परत येत नाही. माती गिळून टाकते, हनुवटीखाली अंधार राहतो. भंडारा-गोंदियाकडे धान कापल्यावरच्या पिवळ्या बांधीत तोच चेहरा उजळ आणि ऊबदार येतो. काळ्या मातीत मग काय करायचं? वेचलेल्या कापसाचा ढीग असेल तर मावशीला त्याच्याजवळ बसवा. एवढा मोठा, मऊ रिफ्लेक्टर कोणत्याही दुकानात मिळत नाही. नाही तर धुतलेलं पांढरं धोतर दोघांनी कंबरेच्या उंचीवर ताणून धरायचं, किंवा थर्माकोलची शीट. चांदीचा चमकता रिफ्लेक्टर भर उन्हात डोळ्यांवर मारू नका, माणूस डोळे मिटतो.

तीन सावल्या टाळायच्या. हिरव्या शेडनेटखाली चेहरा हिरवा पडतो. निळ्या ताडपत्रीखाली माणूस आजारी दिसतो. लग्नाच्या रंगीत कापडी मांडवात नवरदेवाचा एक गाल गुलाबी, दुसरा पिवळा. व्हाइट बॅलन्स एकाच रंगाला सुधारू शकतो; मांडवाच्या दोन रंगांपुढे तोही हात टेकतो. नवरदेवाला पाच मिनिटं मांडवाच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत आणा. साध्या झाडाच्या सावलीत व्हाइट बॅलन्स ‘शेड’ वर किंवा ७००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा, नाहीतर त्वचा निळसर येते.

सावलीतला नेहमीचा घोळ : माणूस सावलीत, मागे रखरखीत उन्हातलं मोकळं पडीत रान. मागचं तीन-चार स्टॉप जास्त असल्याने ते पांढरं होऊन जातं आणि कडेचे केसही खाऊन टाकतं. स्वतः दहा पावलं गोल फिरा. मागे सावलीतली पऱ्हाटी, संत्र्याची बाग, विहिरीची भिंत, गोठ्याचं दार, असं काही गडद येईल तिथे थांबा.

ऊन पाठीशी घ्या

झाड नसलं तर माणसाला सूर्याकडे पाठ करायला सांगा. खूण सोपी : त्याची सावली तुमच्याकडे आली पाहिजे. आता चेहरा स्वतःच्याच सावलीत आहे. त्याच्यावर मोजून घेतलं तर शटर १/१००० ते १/२००० येतं. केसांभोवती, शेल्याच्या काठावर उजेडाची रेघ येते. मागचं उन्हातलं हिरवं थोडं जास्त उजळतं, ते चालतं. आभाळ मात्र चौकटीत घेऊ नका, कोरा कागद होतो. गुडघ्यावर बसून काढायची सवय असते, ती इथे मोडा. थोडं उंचावर, बंडीवर नाहीतर धुऱ्यावर उभे राहा, म्हणजे मागे जमीन येते.

अशा वेळी कॅमेरा फसतो. मागच्या उजेडाला बघून तो चेहरा काळा काढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) +१ ते +१.७ करा, किंवा स्पॉट मीटरिंगने गाल मोजा. उलट, फुटलेल्या कापसाचं वावर चौकटभर असेल तर कॅमेरा सगळंच राखाडी करतो, तिथेही +०.७ लागतं, पण लुकलुकणाऱ्या बोंडांवर लक्ष ठेवून. काळी म्हैस चौकट भरून असेल तर −१.

हूड लावाच. लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा किंवा धुळीचा थर असेल तर समोरून येणाऱ्या उन्हात सगळा फोटो दुधाळ होतो. आणि एक कडक सूचना : डीएसएलआरच्या (आरसेवाल्या कॅमेऱ्याच्या) डोळा लावायच्या भिंगातून थेट सूर्याकडे बघायचं नाही, डोळा जातो. मिररलेस पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर सूर्याकडे रोखून ठेवायचा नाही, सेन्सर आणि शटरची पाती भाजतात. बहिर्गोल भिंगाने कागद जाळायचा खेळ लहानपणी सगळ्यांनी खेळला आहे. हे तेच भिंग आहे.

ऊन कधी वापरता येतं

आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर गेला. थेट ऊन चेहऱ्यावर घ्यायची वेळ संपली. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यात सकाळी नऊच्या आतच सावली आखूड होते आणि साडेतीनपर्यंत तशीच राहते. डिसेंबरचा शेवट याच्या उलट. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांपेक्षा फारसा वर जात नाही. कापूस वेचणी, आंबिया बहाराची संत्री, हरभऱ्याची हिरवळ, हे सगळं त्याच सुमाराचं. तुमचा पहिला सराव डिसेंबरात करा. मे महिन्यात शिकायला गेलात तर लेन्सचा राग येईल.

मे महिन्यात आणखी एक भानगड असते. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर जाते. झूमने पन्नास-शंभर फुटांवरून काढलेला चेहरा पाण्याखाली असल्यासारखा येतो. शटर वाढवून, फोकस बदलून फरक पडत नाही. जवळ जाणं किंवा सकाळी लवकर येणं, एवढंच हातात आहे.

एनडी फिल्टर : कोणता, कधी

सावली नाही, पाठीशी ऊन नको, आणि एफ/१.४ किंवा १.८ हवंच, तेव्हा लेन्सवर काळी काच. एनडी२ एक स्टॉप खातो, एनडी४ दोन, एनडी८ तीन, एनडी६४ सहा, एनडी१००० दहा. फोटोसाठी एनडी८ घ्या, डोळे मिटून. एफ/१.८ चं १/८००० मग १/१००० होतं, एफ/१.४ चं १/१६००. एनडी६४ घेतलात तर १/१२५ होतं आणि उभ्या माणसाचाही पदर हलला की फोटो गेला. एनडी१००० धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायला असतो. पोर्ट्रेटला घेऊन उपयोग नाही, तरी दुकानदार तोच पुढे करतात.

व्हिडिओचं गणित वेगळं. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं असतं, म्हणजे एफ/१.८ वर सात स्टॉपपेक्षा जास्त उजेड कापायचा. तिथे फिरवता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा. आत दोन पोलरायझर काचा असतात. शेवटपर्यंत फिरवला की चौकटीत काळी फुली उमटते, रुंद लेन्सवर तर आधीच. शेवटच्या खुणेच्या अलीकडे थांबा. फार स्वस्त काच तपकिरी किंवा जांभळट झाक देते आणि फोटो बोथट करते.

माप लेन्सच्या पुढच्या कडेवर, रेघ मारलेल्या शून्यासारख्या खुणेपुढे लिहिलेलं असतं. कॅननच्या ईएफ ५० एफ/१.८ एसटीएमचं ४९, निकॉनच्या एएफ-एस ५० एफ/१.८जीचं ५८, निकॉनच्या ३५ एमएम डीएक्सचं ५२. दोन-तीन लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (माप वाढवणारी कडी) लावा.

पोलरायझर आधीच घरात असेल तर तोच वापरून बघा. दीड-दोन स्टॉप तो खातोच, शिवाय चकाकी मारतो. वरुड-मोर्शी किंवा काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत याचा फायदा लगेच दिसतो. संत्र्याचं पान तुकतुकीत. उन्हात प्रत्येक पान आरसा होतं आणि एफ/१.८ वर मागे शेकडो पांढऱ्या टिकल्या उमटतात, माणसापेक्षा त्याच जास्त डोळ्यांत भरतात. पोलरायझर हळूहळू फिरवा. एका जागी पानं एकदम हिरवी होतात, तिथे थांबा.

धुळीने फिल्टर आट्यात अडकतो. पकडीने आवळू नका, रिंग चेपते आणि आणखी घट्ट बसते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गोल गुंडाळून, तळहाताने सारखा दाब देत फिरवा. निघतो.

फोकस

उघड्या अ‍ॅपर्चरवर नीट फोकस किती जाडीचा असतो ते एकदा आकड्यात बघा. १५००डी सारख्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ/१.८, माणूस दीड मीटरवर : सगळी मिळून सुमारे ६ सेंटिमीटर. तीन मीटरवर साधारण २५ सेंटिमीटर. म्हणजे जवळून काढताना डोळा धारदार तर कान मऊ, आणि तुम्ही श्वास घेताना पुढे झुकलात तर डोळाही मऊ.

म्हणून पॉइंट जवळच्या डोळ्यावर. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा फिरवायची जुनी सवय इथे मारते. फिरवताना फोकसचं प्रतल दोन-चार सेंटिमीटर सरकतं, आणि आपल्याकडे आहेतच सहा. पॉइंटच डोळ्यावर न्या. काम चालू असलेल्या माणसावर सतत फोकस लावा, कॅननचा एआय सर्व्हो, बाकीच्यांचा एएफ-सी, आणि तीन-चार फोटो सलग घ्या. वेचणारा हात पुढे-मागे होत असतो, चारातला एक बसतो.

डीएसएलआरच्या भिंगातून पाहून पाठ किती धूसर येईल याचा अंदाज बांधू नका. त्यातला पडदा एफ/२.५ च्या आसपासपेक्षा जास्त उघडं दाखवतच नाही. डोळा धारदार दिसला तरी फोटोत नाक धारदार येत असेल, आणि दर वेळी तसंच होत असेल, तर लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही. घरी तपासा : वर्तमानपत्र टेबलावर पसरा, ४५ अंशांतून एका मथळ्यावर फोकस धरा, एफ/१.८. मग लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तोच मथळा. दोन फोटोंत धारदार ओळ वेगळी असेल तर चूक तुमची नाही. वरच्या कॅमेऱ्यांत हे मेनूतून दुरुस्त होतं, सुरुवातीच्या मॉडेलांत ती सोय नसते. तोवर लाइव्ह व्ह्यूने काढा.

पोळ्याच्या दिवशी प्रत्येकाला बैल समोरून, एफ/१.८ वर हवा असतो. रंगवलेली शिंगं, कपाळावर बाशिंग, डोळ्यांत पाणी. बैलाचा डोळा आणि नाकपुडी यांत फूटभर अंतर असतं. अडीच मीटरवरून एफ/१.८ ला धारदार पट्टा १७ सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे फार तर ८-९. वेसण, मुसकं, नाक, सगळं लोण्यासारखं, आणि ते चौकटीच्या मध्यभागी! बैलाचा फोटो न वाटता बैलाच्या आठवणीचा वाटतो. दोन वाटा आहेत. बाजूने काढा, डोळा, नाक, शिंग एका प्रतलात येतात आणि एफ/१.८ छान चालतं. किंवा समोरूनच हवा तर एफ/८ ला जा, शटर १/४०० येतं. मागची गर्दी मात्र थोडी दिसेल. शिंगांचे गोंडे हलत असतात, १/५०० च्या खाली येऊ नका. म्हणून तिथे आयएसओ २००.

जांभळी कड

पूर्ण उघड्या लेन्सवर कापसाच्या बोंडाभोवती जांभळी-किरमिजी कड येते, फोकसच्या मागे असलेल्या बोंडांना हिरवी. स्टीलच्या गुंडावर, नथीवर, जोडव्यांवर हेच. साध्या काचेला सगळे रंग एका जागी आणता येत नाहीत, त्याची ही खूण. उपाय : एफ/२.८ ला आलात की बरीच जाते. पांढरं जळू देऊ नका, कारण जळालेल्या कडेवर ती जास्त उठते. उरलेली रॉमध्ये डिफ्रिंजच्या पट्टीने काढा, पण नेटाने ओढू नका, जांभळ्या लुगड्याचा काठही राखाडी होतो.

सेन्सरवरची धूळ मात्र एफ/१.८ वर दिसत नाही. ती एफ/११ च्या पुढे ठिपके म्हणून उमटते. हे एक सुख.

वावरात

स्क्रीन उन्हात दिसत नाही. दुपट्टा डोक्यावरून आणि कॅमेऱ्यावरून घ्या, आत अंधार करून बघा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला असेल तर शटर वाढवा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो काढून बघा, कॅमेरा उभा धरला की काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात.

वेचणीची मजुरी किलोवर असते. मावशींना दहा मिनिटं सावलीत उभं केलं तर तेवढा कापूस त्यांच्या ओटीत पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत विचारा, त्या तेव्हा झाडाखालीच बसलेल्या असतात, आणि तुम्हाला हवी ती सावलीही तिथेच असते. सेटिंग आधी दुसऱ्या कोणावर, शेतमालक काकाजींवर म्हणा, लावून ठेवा. फोटोची प्रिंट नेऊन द्या.

लेन्स वावरात बदलू नका. कापसाचे तंतू हवेत असतात, ते आरशावर जाऊन बसतात. बदलायचीच तर कॅमेरा बंद, तोंड खाली. ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब पडतात.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. काळी बॉडी उन्हात त्याहून तापते. दोन फोटोंच्या मध्ये पांढऱ्या, कोरड्या कापडाखाली ठेवा. ओलं फडकं नको. गाडीच्या काचेमागे किंवा मोटरसायकलच्या टाकीवर ठेवायचा नाही. पोळ्याच्या सुमारास उलटी तऱ्हा : हवा दमट असते, एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की पुढच्या काचेवर बाष्प धरतं. पुसू नका, पुन्हा धरतं. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि कॅमेरा पिशवीत मिटलेलाच राहू द्या.